कोबीचाच वास आहे

—अहो मिस्त्री, खिडकी कशाला उघडताय? डॅन्यूबवरनं वारा कसा सुटलाय बघा की, सकाळपासून घर तापवलंय मी, ते काय रस्त्याला ऊब द्यायला? आणि वास म्हणाल तर तो कोबीचा आहे. हे एवढं पिंप समोर दिसत नाही? मिठाच्या पाण्यात घातलाय, आता आंबायला लागलाय. नोव्हेंबरात गालात्सीतल्या कुठल्या घरात हा वास नसतो, सांगा? तुमच्या घरात नाही? तुमची बायको काय विकतचा आणते? — तर मग. गॅसवाल्यांना फोन कुणी केला तेही मला सांगू नका, माहीत आहे मला. समोरची पेत्रोनेला. दुसऱ्याच्या दारात नाक खुपसल्याशिवाय त्या भवानीला अन्न पचत नाही.

स्वयंपाकघरात का ठेवलंय? माझं पिंप, माझं स्वयंपाकघर. लोक ठेवतात बाल्कनीत, ठेवू देत. आणि वासाचं म्हणाल तर मला शिकवू नका. मागे ते टायरवाल्याचं दुकान आहे ना, तिथे आधी ह्या सगळ्या इमारतींचं बॉयलरघर होतं, मी तिथे झाडू मारायचे, फडकं फिरवायचे. शाळा म्हणाल तर चार यत्ता. पण ह्या जिन्यात कुणाच्या घरात वेगळा वास आला की मला हाक — झेनोविया, जरा ये गं, नाक लाव. हिवाळ्यात पहिल्यांदा हीटर लावला नि जळकट आलं, तर ती धूळ, थोड्या वेळानं जाते, बोंबलायचं नाही. घरात मासळी नाही नि मासळीचा वास, तर कुठेतरी वायर वितळतेय, आधी मेन स्विच पाडायचा. उन्हाळ्यात एसीतनं ओल्या मोज्यांचा वास आला, तर आत पाणी साचलंय, जाळी धुवा. आणि सडक्या अंड्याचा आला, तर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, पोरं उचलायची नि बाहेर पडायचं—

काय? तोच येतोय?

अहो, आंबलेला कोबी नि सडकं अंडं, दोन्ही एकाच घरातले, चुलतभाऊ म्हणा. तुमचं नाक फसतंय. घ्या, ढकला पिंप बाल्कनीत, तुमचंही समाधान होऊ दे. सांभाळून, पाणी सांडेल. — झालं? आता सांगा. अजून येतोय? मग मला कसा येत नाही? — तसं नव्हे, येतो, येतो ना मला, थोडासा येतोय... ही कसली बाटली? माझ्याच फळीवरची आहे की. वास घेऊ? आता परीक्षा घेणार माझी? व्हिनेगर आहे. व्हिनेगरच. — आलुबुखाराची दारू? बरं, दारू. माझ्याच भावानं दिलेली. ठेवा ती जागेवर.

लावा तुमचा साबणाचा फेस, लावा त्या भिंतीवरच्या बॉयलरच्या गॅसनळीच्या जोडाला. हो, दिसतंय मला. डोळे चांगले आहेत माझे. बुडबुडे येतायत. एकामागून एक येतायत, फुगतायत नि फुटतायत. पोरं खेळताना करतात तसे. कॉक बंद केलात? बरं केलंत.

नाही, बसायला नको मला. मी ठीक आहे. मला काही होत नाही, तेच तर. मागच्या हिवाळ्यात ताप आला, सगळ्यांना आला तसा, सगळे बरे झाले, मीही झाले, फक्त नाक गेलं ते परत आलंच नाही. आधी वाटलं येईल. मग वाटणं बंद झालं. कॉफी गरम लागते, सूप गरम लागतं, बस. कुणाला सांगणार? ह्या जिन्याला माझं नाक माहीत, मी माहीत नाही. अजून हाका मारतात. मी जाते, मान वर करून उभी राहते, नि म्हणते, धूळ आहे. लोक थँक्यू म्हणतात.

आणि मुलीला तर मुळीच नाही सांगितलं. ओतिलिया माझी, तिकडे इटलीत, बोलोन्यात एका म्हाताऱ्याचं सगळं करते, उचलणं, धुणं, भरवणं. ऑक्टोबरात पोरीला माझ्याकडे सोडून गेली, इलिंकाला, सात वर्षांची आहे. मी नाही ठेवली, तर ती जाणार ब्राइलाला, माझ्या विहिणीकडे. ती बाई पोरीला मांजरासारखी वागवते, ताटली ठेवते नि दार लावते. मग मी काय सांगणार होते, तुझ्या आईला दूध उतू गेलेलं कळत नाही म्हणून? म्हणूनच पिंप आत घेतलं. कुणी म्हणालंच वास येतो, तर कोबी. उत्तर तयार. — पोरगी बसमधनं उतरली तेव्हा मी तिच्या केसांत तोंड घातलं. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. मला रडूसुद्धा आलं नाही, मिस्त्री. मी तिची बॅग उचलली नि म्हटलं, चल, भूक लागली असेल.

आणि ती म्हणायची हो, आजी, घाण वास येतो. एकदा म्हणाली, मग परत म्हणाली. मी ओरडले, कोबी आहे, तुझ्या इटलीत नसतो का कोबी, महाराणी? मग मफलर नाकावर बांधून जेवायची. मला वाटलं, थंडी वाजते.

बारा वाजता शाळा सुटते. तुम्ही एवढं करा, त्या पेत्रोनेलाला नाकाचं बोलू नका. गॅसचं सांगा, जोड सैल होता म्हणा. तिला कळलं की आख्ख्या इमारतीला कळेल, नि संध्याकाळच्या आत बोलोन्याला. तुम्हाला काय करायचंय, तुमचं काम झालं. — काय? फोन तिनं केला, पण? — कोण गेलं होतं तिच्याकडे? शाळेत जाताना? एकटी?

काय म्हणाली ती? नीट सांगा, तिच्या शब्दांत सांगा.

"आजीला वास येत नाही, पण तिला सांगू नका की मला माहीत आहे."

असं.

असं म्हणाली.

नाही, पाणी नको. हात सोडा माझा. ती गॅसच्या अलार्मची पेटी नंतर बसवा, उद्या बसवा, भिंत कुठे पळून जात नाही. हत्यारं उचला तुमची. खिडकी राहू दे उघडी. दार ओढून घ्या जाताना, आणि पेत्रोनेला जिन्यात उभी असेलच, तिला म्हणावं, इलिंकाला शाळेतनं तू आण, झेनोवियानं सांगितलंय. हो, मी सांगितलंय म्हणा. मला फोन करायचाय. — निघा म्हणते ना.

हॅलो... ओतिलिया, म्हाताऱ्याला जरा बसव खुर्चीत, नि ऐक.