जीपची दुसरी चावी

चामोर्शीच्या बाजारात चावीवाल्यापुढे माझा नंबर तिसरा होता. पुढचे दोघे बोलत होते.

"मनसारामभाऊ, जीपची दुसरी चावी काऊन बनवून राह्यले?"

"भूपेशकडे ठेवाची हाय."

"लहान्या भावाकडे? तुमचं तं बोलणं बंद हाय ना?"

"शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडलो तवापासून बंद हाय."

"मंग चावी देसाल कशी?"

"त्याच्या दारच्या खिळ्याले टांगून देईन."

"अन् तो न विचारता जीप घेऊन गेला तं?"

"त्याच्याचसाठी तं बनवून राह्यलो. बायकोले नववा महिना लागला त्याच्या. अडलं तरी तो मले जीप मागणार नाई."

"मंग तुमीच एकदा बोलून टाका ना."

"मी काऊन बोलू? चूक त्याची हाय… दादा, चावी बराबर घासजा. ऐन वक्तावर अडकाले नाई पाह्यजे."