कमलाक्षीची परीक्षा

नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडका आहे — बाकावर बसा, हयग्रीव. उपदेशक झालात म्हणून ‘बसा’ म्हणते. माझ्या वर्गात होतात तेव्हा बहुधा उभेच असायचात. तर कमलाक्षीचा बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून तिला दफनभूमीच्या भिंतीआत जागा नाही — हा मंडळीच्या पंचांचा निर्णय, आणि तो कळवायला त्यांनी तुम्हांला पाठवले. स्वतः येण्याचे धैर्य एकालाही झाले नाही. साहजिक आहे. विश्वासाची प्रश्नोत्तरे त्या सगळ्यांकडून मीच घोकून घेतली होती.

बरे, मला समजावून सांगा. देवळातले ते बाप्तिस्म्याचे पाणी कोण भरतो? मंडी मोहल्ल्याचा पखालवाला. तेच पाणी पुढे जाऊन तो बाजारातल्या कोथिंबिरीवर शिंपडतो — मग कोथिंबिरीचेही तारण झाले म्हणायचे? हसू नका, उत्तर द्या. क्रुसावर प्रभूच्या शेजारी खिळलेल्या चोराला स्वर्गाचे वचन मिळाले, तेव्हा त्याच्या डोक्यावर पाणी घालायला शिडी लावून कोण चढले होते? पाण्यावाचून तारण नाही — हे वाक्य तुम्हांला पाठ आहे, हयग्रीव, पण पाठ असणे म्हणजे विश्वास असणे नव्हे, हे इतकी वर्षे —

काय म्हणालात? मग मी तिला तीनदा परत का पाठवले?

कारण नियम आहे. माझ्यासमोर दहा आज्ञा बिनचूक म्हणाव्यात, मी चिठ्ठी द्यावी, मगच पाळकसाहेबांनी पाणी घालावे. सरगूरहून आलेली विधवा, शाळेच्या स्वयंपाकघरात नाचणीच्या मुद्द्यांचे गोळे वळणारी — पहिल्या दोन्ही वेळा तिने चोरीची आज्ञा व्यभिचाराच्या आधी म्हटली. क्रम म्हणजे क्रम. तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदा दहाही बरोबर होत्या. अडखळली, एवढेच. मी म्हटले, पुढच्या ईस्टरला ये. ईस्टरच्या आधी प्लेग येईल, हे मला कोणी सांगितले होते?

हो, प्लेगच्या छावणीतल्या तिच्या झोपडीत मी गेले होते. पंच गेले नव्हते, हेही नोंदवा. हो, तांब्या माझ्याच हातात होता. दोन चमचे तोंडात घातले. ती म्हणाली, ‘बाई, डोक्यावर.’ मला वाटले तापाने डोके तापले असेल — नाही, खोटे कशाला बोलू, मला कळले होते. मी म्हटले, बरी झालीस की रीतसर होईल.

मरणाच्या दारी कोणीही विश्वासणारा पाणी घालू शकतो — तो नियम मला शिकवू नका, मीच तुम्हांला शिकवला. आणि तुम्ही काय सुचवता आहात तेही समजले. मी ‘घातले’ म्हणायचे, तुम्ही वहीत लिहायचे, आणि दुपारपर्यंत ती भिंतीआत. गिरिजाबाईंच्या शब्दावर कोण शंका घेणार? दयाळू आहात. वर्गातही असेच होतात, शेजाऱ्याला उत्तर दाखवणारे. तीस वर्षांत न मिळवलेला एक गुण मी कोणाला दिला नाही, हयग्रीव. कमलाक्षीला मात्र मिळवलेलाही दिला नाही.

लिहा — पाणी घातले नाही. न घालणारी कोण, तेही लिहा. आणि आमच्या यजमानांच्या, शंभूरावांच्या, शेजारी माझ्यासाठी राखलेली जागा आहे ना, भिंतीआतली — तिथे तिला ठेवा. मला बाहेर चालेल; माझा बाप्तिस्मा अगदी रीतसर झाला आहे, त्याचा तिथे काय उपयोग होतो ते पाहू. पंचांना हरकत असेल तर त्यांनी इथे, माझ्यासमोर, उभे राहून सांगावी.

आता उठा. तिला मी पुष्कळ ताटकळवले आहे.