चौकटीतला दुसरा फोटो

घाटंजीकरांनो, मायबहिणींनो, तुम्ही एवढे जण आलात. मला भाषणाची सवय नाही. मी सुभाष भाऊजींची वहिनी. परवा गेलेल्या माणसाबद्दल आज "होते" म्हणायला जीभ वळत नाही.

महिन्याभरापूर्वी याच सभागृहात आपण त्यांच्यावरचा सिनेमा पाहिला. बोंडअळीच्या वर्षांत फवारणीच्या मजुरांना हातमोजे मिळावेत म्हणून भांडणारे सुभाष, आणि मग नगरपालिकेला उभे राहिलेले सुभाष. सिनेमा करणारी नागपूरची पोरं म्हणत होती, भाऊजींसोबत संसार करणाऱ्या दिगंबरला "मित्र" दाखवू, नाहीतर सिनेमा कोणी लावणार नाही. भाऊजी म्हणाले, "माहे मित्र शंभर हायेत. हा माह्या घरचा माणूस हाये. नसन जमत तं बंद करा."

खरं सांगू? त्या पोरांच्या आधी मीच घाबरले होते. आपल्याकडे प्रचाराच्या पत्रकावर उमेदवाराशेजारी बायकोचा फोटो असतो. भाऊजींनी तिथे दिगंबरचा छापला. मी म्हटलं, "भाऊजी, कायले असं करता? मतं जातीन." ते म्हणाले, "वयनी, साऱ्याइनं आपआपलं घर दाखवलं. मी काय रिकामी चौकट छापू?"

मतं गेली नाहीत. टोमणे मात्र आले. बायकांच्या बैठकीत दिगंबर चहा वाटत होता, तर एक आजी म्हणाली, "काहो उमेदवारीणबाई, साखर कमी झाली!" दिगंबर म्हणाला, "आजी, मत द्या, मंग टाकतो." सगळ्या हसल्या. त्याच वॉर्डानं भाऊजींना निवडून दिलं. कोणी? तुम्ही!

सिनेमात ते पत्रक पडद्यावर आलं, तेव्हा मी लोकांचे चेहरे पाहू लागले. आणि मग टाळ्या. थांबेचनात. आजारानं वाळलेले भाऊजी पुढच्या रांगेत दिगंबरचा हात धरून बसले होते. मागे वळून मला म्हणाले, "वयनी, जिंकलो न आपण?"

जिंकलात, भाऊजी.

आता फुलं वाहायची आहेत. पहिलं फूल सगळ्यात जवळच्या माणसाचं. मघाशी मंडळींनी रीतीप्रमाणे माझ्या नवऱ्याला, त्यांच्या थोरल्या भावाला, पुढे बोलावलं. ते जागचे उठले नाहीत. म्हणाले, "माहा नंबर दुसरा."

दिगंबर भाऊजी, या. हो, तुम्हालाच भाऊजी म्हणतेय. इतकी वर्षं म्हणायला हवं होतं.

त्यांचं फूल वाहून होईपर्यंत आपण सगळे उभे राहू, शांत.

सुभाष भाऊजी, शेवटचा जय भीम.