चाखणं म्हणजे खाणं नव्हे

सन्माननीय अध्यक्ष, गावचे वडीलधारे कुबातबेक आजोबा, तालुक्याहून मुद्दाम आलेले डॉक्टरसाहेब, आज नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन ओशला लेकीकडे निघालेल्या आमच्या बुरुलकान एजे, म्हणजे साऱ्या गावाच्या थोरल्या ताई, आणि बंधुभगिनींनो,

मी सागिनबेक, तुमचा पोस्टमन. माझ्या पापण्या बघून मागे कुणी हसतंय, हसा. औषधानं वाढल्यात. सासूबाई म्हणतात, जावई म्हणून उंटाचं पिल्लू मिळालं.

दोन वर्षांपूर्वी राजधानीत, बिश्केकच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचलाय. जन्मात सिगारेट ओढली नाही, तरी. गाठीचा तुकडा तपासून त्यांनी रोजची एक गोळी दिली, नेमकी माझ्या गाठीतल्या बिघाडावर बसणारी. अट एकच: गोळीआधी तीन तास, नंतर एक तास पोट रिकामं. वेळ दहाची, कारण बिश्केकमध्ये सकाळ दहाला होते. दहापर्यंत माझी अकरा घरं झालेली असतात. आणि नान चाखल्याशिवाय माणसाला सोडणारं घर या गावात आहे कुठं?

तीन महिन्यांनी तपासणी झाली. गाठ वाढलेली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही, बंद करू. एजेंना ते पटेना. एका सकाळी त्या माझ्या मागोमाग फिरल्या आणि अकराव्या दारात मला गाठलं.

“सागिनबेक, काही खाल्लंस?”

“नाही, एजे.”

“मग मिशीला साय कसली?”

“ते चाखलं. चाखणं म्हणजे खाणं नव्हे.”

“तुझ्या गोळीला तेवढे संस्कार नाहीत रे.”

डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळी पहाटेवर आणली. राखणीला स्वतः आल्या. पण घरात येईनात. पाहुणी आत आली की खाण्याचा दस्तरखान अंथरणं आलं, आणि पाहुणीबरोबर यजमानानं चाखायचं नाही? म्हणून चाळीस पहाटा त्या बर्फात, घड्याळ धरून कुंपणावर बसल्या. माझी बायको रडकुंडीला आली, गाव काय म्हणेल! एजे म्हणाल्या, “म्हणू दे. हा ऐकायला राहिला म्हणजे झालं.”

अक्रोडाएवढी गाठ आता हरभऱ्याएवढी आहे. एक दिवस ती गोळीला दाद देणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तो दिवस अल्लाच्या हाती, पहाट माझ्या.

आता आपला रिवाज. निघणाऱ्यानं नानचा एक घास घ्यायचा, उरलेला तो परतेपर्यंत जपायचा. घ्या, एजे. चाखू नका, नीट चावा. उरलेला माझ्या भिंतीवर टांगतो. तुम्ही येऊन संपवाल, तोवर त्याच्या राखणीला मी आहे. आणि येताना कुंपणावर नाही, आत यायचं.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. तुमच्या पोटाला वेळेचं बंधन नाही.