या लढतीला वेगळं तिकीट

(स्वयंपाकघरातलं टेबल. दुपारचे साडेतीन. टेबलावर रिमोट आणि नातीचा फोन. बाहेर गॅलरीत आजोबा झाडांना पाणी घालतायत.)

आजी: ...आणि यातला एक शब्द जरी खोटा निघाला ना, तर माझे सगळेच्या सगळे दात आत्ता या टेबलावर पडोत.

नात: कवळी आहे तुझी.

आजी: म्हणून तर शपथ परवडते. ऐकायचंय की नाही?

नात: आजी, वर्षभराचं सबस्क्रिप्शन भरलंय मी. जगातलं निम्मं बॉक्सिंग दिसतं त्यात. मग आजच्या एका लढतीला वेगळे पैसे कशाला? थोडे दिवस थांबलीस तर तीच फुकट दिसेल.

आजी: तेच सांगतेय. एक बाई होती.

नात: म्हणजे तू.

आजी: मध्ये बोलू नकोस. एक बाई होती. दिसायला बरी, अक्कल बेताची. तिचा नवरा पोरींना बॉक्सिंग शिकवायचा.

नात: काय योगायोग आहे.

आजी: त्याच्याकडे एक पोर आली, बारा वर्षांची, नुसती हाडं. टाचणी म्हणायचे तिला. हातमोजे घातले की वजन दुप्पट व्हायचं. दहा वर्षं राबला तो तिच्यावर, थेट विजेतेपदाच्या लढतीपर्यंत नेलं. समोर कोण, तर एक ताडमाड बाई, उंचीच म्हणायचे तिला. इतकी उंच, की डोक्यावर कबुतरं बसायची.

नात: कबुतरं.

आजी: दोन. पंचांनी हाकलली, मग घंटा वाजली.

नात: पुढचं माहितीये मला. सहाव्या फेरीत टाचणीची भुवई फुटली, आणि आजोबांनी... बरं, त्या नवऱ्यानं हार मानून रिंगणात टॉवेल टाकला. लढत थांबली.

आजी: खाली उतरल्यावर पोर एवढंच म्हणाली, ‘मी उभी होते, तुम्ही मला बसवलंत.’ आणि दुसरा गुरू केला तिनं. मध्ये तीन वर्षं गेली. मागच्या साली पुन्हा त्याच दोघींची लढत ठरली. आता आपली ही अकलेनं बेताची बाई, जिममध्ये जाऊन नवऱ्याच्या जुन्या दोस्तांना सांगून आली, रविवारी सकाळी आमच्याकडे या. आमच्या नातीनं वर्षाचं भरलंय, सगळं दिसतं.

नात: मला विचारायचंस तरी. मोठ्या लढती पे-पर-व्ह्यूवर असतात, दर लढतीला वेगळे पैसे.

आजी: विचारायचं सुचायलासुद्धा अक्कल लागते. सहा जण आले. सगळे एकेकाळचे बॉक्सर. सहा जणांत मिळून सरळ नाक एक, धड दिसणारे डोळे चार. त्यांतच एक, हातोडा म्हणायचे त्याला. तरुणपणी भिंत पाडायचा, आता सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारतो. बसले सगळे दाटीवाटीनं. बाईनं ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर काय यावं? ही लढत तुमच्या योजनेत नाही, वेगळी विकत घ्या.

नात: मग घ्यायची.

आजी: वर्षाचा पास काढायचा, रोज रिकाम्या गाडीतून फिरायचं, आणि नेमकी हवी ती गाडी आली की कंडक्टर म्हणणार, हिला वेगळं तिकीट. तरी घेत होती ती. पण तो ओटीपी गेला नातीच्या फोनवर. नात ड्युटीवर, ऑपरेशन थिएटरमध्ये, फोन लॉकरमध्ये.

नात: थांब. ते सतरा मिस्ड कॉल? मला वाटलं घरात कुणी गेलं.

आजी: अब्रू चालली होती बाईची.

नात: मग सांगून टाकायचं, वेगळे पैसे लागतात म्हणून.

आजी: त्यांना? आठवडाभर त्यांना ऐकवलं होतं तिनं, की तुम्ही दुकानाच्या काचेतून टीव्ही बघणारी माणसं, तुम्हाला काय कळणार सबस्क्रिप्शन. तिनं खालची यादी चाळली. तिथं त्याच दोघींची जुनी लढत. तीच लाल चड्डी, तीच निळी. वर्षाच्या पैशांत बसणारी. लावून दिली.

नात: आजी, तू तीन वर्षांपूर्वीची लढत लाइव्ह म्हणून दाखवलीस?

आजी: त्या बाईनं दाखवली. आवाज तेवढा बंद केला, नाहीतर तो बोलणारा माणूस साल सांगून मोकळा झाला असता. म्हणाली, टीव्हीचा घसा बसलाय. आणि मग स्वतःच बोलायला लागली.

नात: कॉमेंट्री केलीस?

आजी: अशी केली की विचारू नकोस. लढत तिनं आधी चार वेळा पाहिलेली. म्हणायची, आता उंचीचा डावा येतोय. यायचा. आता टाचणी वाकेल. वाकायची. दुसऱ्या फेरीनंतर हातोडा म्हणाला, वहिनी, तुम्ही पोरींना शिकवायला या. तिसऱ्या फेरीत तर बाईची मान इतकी ताठ झाली की दुखायला लागली. मग झाली विश्रांती. टाचणी स्टुलावर बसली, आणि कॅमेरा फिरला तिच्या गुरूकडे.

नात: अरे देवा. त्या लढतीत कोपऱ्यात आजोबाच होते.

आजी: पडद्यावर खांद्यावर टॉवेल टाकून उभा, आणि इथं मांडीवर उशी घेऊन बसलेला. दोन्हीकडे शर्ट तोच.

नात: शर्टसुद्धा?

आजी: कपडे जपून वापरतो तिचा नवरा. हातोडा म्हणाला, ‘मास्तर, हा नवा गुरू तुमच्यासारखाच टकला आहे की.’

नात: मग?

आजी: नवरा म्हणाला, ‘टकले सगळे सारखेच दिसतात.’ आणि पाणी मागितलं.

नात: म्हणजे त्यांना कळलं होतं.

आजी: बाईला वाटलं, चष्मा आत राहिलाय, नसेल कळलं. सांगितलं ना तुला, अक्कल बेताची. तेवढ्यात आली सहावी फेरी.

नात: तिथं तरी बंद करायचीस. वीज गेली म्हणायचं.

आजी: हात उचलेना तिचा. टॉवेल पडला. हातोडा म्हणाला, ‘हाही टॉवेल टाकणाराच निघाला.’ नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता, आणि असं म्हणाला. मग सगळे चपला घालून गेले, मयताला आल्यासारखे.

नात: आणि दुसऱ्या दिवशी पेपर आला.

आजी: पेपरात टाचणी, कमरेला विजेतेपदाचा पट्टा. आठव्या फेरीत लोळवली होती उंचीला. सकाळी सातला हातोडा पेपर घेऊन दारात.

नात: काय सांगितलंस त्याला?

आजी: बाई म्हणाली, पंचांनी नंतर निकाल बदलला. टॉवेल कुणी टाकलाच नव्हता, खांद्यावरून निसटला, असं ठरलं. मग पुढच्या फेऱ्या घेतल्या म्हणे.

नात: आणि त्याला पटलं हे?

आजी: कसलं पटतंय. एक भुवई वर करून बघत होता. तेवढ्यात नवरा दात घासत बाहेर आला. म्हणाला, ‘होतं असं. टॉवेल मऊ असला की निसटतो.’

नात: आजी...

आजी: तेव्हा कुठं उजेड पडला बाईच्या डोक्यात. त्या दिवसापासून त्यानं एक लढत पाहिलेली नाही. टीव्ही लावला की म्हणतो, झाडांना पाणी घालायचंय. जाऊन बघ, कुंड्यांत मासे सोडता येतील.

नात: पण ती जिंकलेली लढत नंतर यादीत आली असेल की.

आजी: आली. लावली. म्हणाला, ‘निकाल माहीत असलेली लढत म्हणजे लग्नाचा अल्बम. बघ तू.’ आणि उठला. टाचणीला दहा वर्षं घडवलं त्यानं. तिला हरताना दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा बायकोपायी. पट्टा जिंकताना एकदाही नाही. आणि आजची तिची शेवटची. यानंतर सोडतेय ती. आता विचार, थोडे दिवस का थांबत नाही म्हणून.

नात: दे तो रिमोट.

आजी: ओटीपी तुझ्याकडेच येतो ना?

नात: आला. चार, शून्य, नऊ, सात, सात, एक. झालं, घेतली. वीस मिनिटं आहेत. बोलाव त्यांना.

आजी: तू बोलाव. तुला नाही म्हणणार नाहीत.

नात: तूच जा. आणि त्या दिवसाचं सगळं सांग त्यांना. वर्षभर त्यांना एक माहीत, तुला एक माहीत, आणि मधे नुसतं झाडांना पाणी.

आजी: सांगते. पण तुला आधी एक सांगायला हवं. मघाशी त्यात एवढंसं मी रचलं.

नात: कबुतरं.

आजी: कबुतरं होती. आवाजाचं म्हणतेय मी. आवाज त्या बाईनं नव्हता बंद केला. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं ते.

नात: मग कुणी केला?

आजी: लढत लावून मी रिमोट यांच्याजवळ ठेवला होता. पहिली घंटा व्हायच्या आधीच यांनी आवाज घालवला, आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, ‘टीव्हीचा घसा बसलाय गं. तू सांग काय चाललंय ते.’