सहावे फूल

लेनिनग्राडच्या पुस्तकदुकानापुढे रांग लागली होती. तैसियाच्या मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीने तिच्या हातातली फुले मोजली.

"सहा? सम फुलं मेलेल्यांना वाहतात, पोरी. जित्या माणसाला विषम द्यावीत."

"ठाऊक आहे, आजी. अग्लाया सेवेरत्सेवा सक्तमजुरीच्या छावणीतच वारल्या ना! आज त्यांच्या कवितांचं पहिलं पुस्तक येतंय. दुकानातल्या त्यांच्या तसबिरीपुढे ठेवीन."

"कविता कुठं वाचल्यास?"

"वाचल्या कुठं? बंदी होती ना. आईनं पाठ करून घेतल्या. कागद शेगडीत, कविता डोक्यात. आई म्हणायची, अशी बाई शतकात एकदाच होते."

"सगळ्या येतात?"

"नदीच्या कवितेचं शेवटचं कडवं सोडून. ते कुणालाच ठाऊक नाही."

म्हातारीने ते कडवे हलक्या आवाजात म्हटले. एकदाही न अडखळता.

"आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

म्हातारीने एक फूल काढून घेतले, आणि ती चालू लागली. तैसियाच्या हातात पाच उरली.