नवमीची सवाष्ण

आणि वर मलाच विचारता, 'निंबाभाऊ, ती प्लेगच्या वॉर्डातली बाई अजून इथंच राहते का? घरमालकानं घालवली नाही?' वा रे वा! पंधरा दिवस गावाकडं शेंगा खाऊन आलात, लिंबायतच्या गल्लीत पाय ठेवत नाही तोच पहिली चौकशी तिची! ठेवा ती ट्रंक खाली आणि ऐका. सुरतेत प्लेग आला म्हटल्यावर तुम्ही ट्रकच्या फाळक्याला लटकून धुळं-जळगाव गाठलंत, कोपऱ्यावरचा डॉक्टर अर्धं शटर ओढून पळाला, मागं राहिलो मी, माझी मंदा, चार कुत्री आणि शेजारची सरलाबाई, सरकारी दवाखान्यातली आया. मी भ्यालो नव्हतो, तुम्हाला सांगतो… मला ट्रकमध्ये जागाच मिळाली नाही!

बरं, राहिलो तर राहिलो, काळजी घ्यायला नको? नळावर तिचा हंडा दिसला की मी तो काठीनं सरकवायचो, हातानं नाही. तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत फिनाईल. तोंडाला मंदाच्या जुन्या लुगड्याचं फडकं, गळ्यात कापराची पुडी, आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या… लोक दोन घेत होते, मी सहा घेतल्या, मग दोन दिवस संडासातून बाहेर कोण येतंय! आणि ही बाई लांबूनच ओरडते, 'भाऊ, एवढ्या गोळ्या खाऊ नका हो, ताक प्या!' म्हणजे मी काठीनं हंडा सरकवतोय आणि ती माझ्या पोटाची काळजी करतेय! पण मी भ्यालो नव्हतो, तुम्हाला सांगतो… काळजी घेत होतो.

तिचा नवरा, तुमचा तो सुकदेव, पोरं घेऊन पहिल्याच दिवशी पसार. वर गावाहून निरोप, 'तू येऊ नकोस.' घरमालक रोज रस्त्यावरून ओरडायचा, 'बेन, खोली खाली करी नाखो!' आणि बाई? सख्ख्या पोरांनी टाकलेल्या म्हाताऱ्यांना चमच्यानं पाणी पाजून यायची, उंबऱ्यात बसायची आणि हात धुवायची. धुवायची, धुवायची… सालटी निघाली हातांची! मंदानं खिडकीतून विचारलं, 'बाई, झोपत का नाही?' तर म्हणे, 'डोळे मिटले की खोकला ऐकू येतो, मंदाताई.' सात दिवस डोळ्याला डोळा नाही. मला ऐकून कसंतरीच झालं, पण खिडकी मीच लावली… काळजी हो!

तेवढ्यात आली पितरांतली नवमी. आमची आई सवाष्ण गेली, तिच्या नावानं एक सवाष्ण जेवली पाहिजे आणि ती पाटावरून उठेपर्यंत घरात कुणी घास तोडायचा नाही. गल्लीत सवाष्ण कुठली? सगळ्या तुमच्याबरोबर शेंगा सोलताहेत! मंदा म्हणाली, 'सरलाबाई आहे की.' मी म्हटलं, 'तिचा नवरा…' 'पळालाय, मेला नाही!'

गेलो. चार हातांवरून बोलावलं. ती रातड्युटी करून आलेली, भिंतीला टेकून बसलेली. 'मी? तुमच्या घरात? नको भाऊ, ताट ओट्यावर ठेवा, मी इथंच जेवते.' मागून मंदा कडाडली, 'माझी सासू काय ओट्यावर जेवणारी आहे?' आणि धरला की तिचा हात! सरळ हात धरून आत नेली, पाटावर बसवली, हळदीकुंकू लावलं. कपाळाला बोट लागलं मात्र, बाई ढसाढसा रडायला लागली. 'आठ दिवसांत मला कुणी शिवलं नाही हो, मंदाताई.' तुम्हाला सांगतो, त्या काठीची मला एवढी लाज वाटली!

मग जेवली. गिलक्याची भजी, कढी, खीर… आणि खीर खाता खाता मान खाली. हात वाटीत, आणि घोरायला लागली! मी म्हटलं, 'अहो बाई…' तर मंदा माझ्यावर डोळे वटारून, 'उठाडू नका तिले!' बारा वाजता झोपली ती पाच वाजता उठली. कढीवर साय आली, भजी लोळागोळा झाली, कावळा जेवून गेला, आणि मी उपाशी, पेपरनं तिच्यावरच्या माश्या वारतोय! तोंडावरचं फडकं कधी गळून पडलं, कळलंसुद्धा नाही. अहो, अख्ख्या सुरतेतलं सगळ्यांत धीराचं माणूस माझ्या पाटावर खिरीत हात घालून घोरत होतं, त्याला उठवायची कुणाची छाती?

तेव्हापासून रोज सकाळी ड्युटीवरून आली की आमच्याच खोलीत झोपते. तिच्या खोलीत झोप येत नाही, मंदाची भांडी वाजत असली की येते म्हणे! कारखान्यातल्या कापडाच्या लूम सुरू झाल्यात, मी रातपाळी करून येतो तर माझ्या जागेवर ही. मी ओट्यावर, गोणपाट टाकून, माश्या वारत. तेव्हा घरमालकाला सांगून खोली खाली करायला लावायचीच असेल ना, तर खुशाल लावा, पण तिची नाही, माझी… मी तसाही बाहेरच झोपतो.